आजोबा, जरा एकटे व्हा!

रविवारी पहाटे साडेचारला आमच्या घरात गजर होतो. तो माझ्याखेरीज सगळ्यांना ऐकू येतो. त्यामुळे मला उठवण्याचं काम, ज्यांना कुठेही जायचं नसतं त्यांच्या गळ्यात पडतं.

"अहो, उठा! तुमचा तो सोन्याचा तास चाललाय."

'गोल्डन अवर'चं हे भाषांतर बायकोचं. त्यात कौतुकाचा अंश नाही. सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या उजेडाला हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो, निळा रंग वाटेतच विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा तेवढा पोचतो, हे शास्त्र मी तिला एकदा चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या पगारासारखंच की," ती म्हणाली. "निघतो पूर्ण, घरी पोचेपर्यंत निम्मा विखुरतो."

या टोल्याला इतिहास होता. कॅमेऱ्यासोबत मला १८ ते ५५ ची लेन्स मिळाली होती. पुढे मी ५० ची घेतली. कुरिअर ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं, खोकं ऑफिसातच टाकलं, लेन्स सॅकच्या तळाशी मोज्यात गुंडाळून घरी आणली. धुवायला मोजे काढताना ती सापडली.

"ही कितीची?"

"पन्नासची."

"पन्नास रुपयांना?"

"नाही, पन्नास मिलिमीटर."

"आणि आधीची?"

"अठरा ते पंचावन्न."

तिने क्षणभर हिशेब केला. "पन्नास हे अठरा आणि पंचावन्नच्या मधेच येतं ना? मग जे घरात आहे ते पुन्हा कशाला आणलंत?"

मी सांगितलं, की जुनी लेन्स पन्नासला फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते, ही १.८ पर्यंत. म्हणजे जवळजवळ दसपट उजेड आत येतो. आकडा जेवढा लहान, तेवढं भोक मोठं.

"आणि किंमत?"

"आकडा जेवढा लहान, तेवढी... मोठी."

तेव्हापासून आमच्या घरी एखादी वस्तू अकारण महाग असली, की ती 'एकपूर्णांक आठ' असते. परवा सोनाराकडून आल्यावर ती म्हणाली, "बांगड्या छान होत्या, पण फारच एकपूर्णांक आठ."

तर पहाटे साडेचारला मी सॅक आणि ट्रायपॉड घेऊन जिना उतरतो. खालच्या मजल्यावरचे लोक पहिल्या पहिल्यांदा दार उघडून बघायचे. आता नुसतंच आतून म्हणतात, "फोटोवाले."

आमच्या ग्रुपला नाव नाही. ठेवायचं ठरलं होतं. पहिल्याच बैठकीत नावात 'छाया' हवी म्हणणारा एक गट आणि 'प्रकाश' हवा म्हणणारा दुसरा गट पडला. दोन्ही घ्या, असं कुणीतरी समंजसपणे सुचवलं, तर आधी काय येणार यावरून तिसरा गट पडला. याला सहा वर्षं झाली. पावतीपुस्तकात नावाची जागा कोरी आहे. वर्गणीची नाही.

कारभार लोकशाहीने चालतो, पण ही लोकशाही लेन्सच्या लांबीनुसार आहे. अध्यक्षांची लेन्स ६०० मिलिमीटरची. ती गाडीतून उतरवायला दोघे लागतात. ती त्यांच्या खांद्यावर असली, की समोरचा माणूस आपोआप वाट सोडतो. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेत आणि कॅमेराही पासबुकासारखा धरतात. हिस्टोग्रामकाकांनी गेल्या कित्येक वर्षांत एकही फोटो पाहिलेला नाही. ते फोटोचा आलेख बघतात. समोर सूर्योदय चालू असला, तरी खाली मान घालून "उजवीकडे जळतंय, उजवीकडे जळतंय" म्हणत असतात. एकदा एक नवा सदस्य उजवीकडे पाण्याची बाटली घेऊन धावला होता.

आमच्यात एक एक-तृतीयांश काका आहेत. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडावेत आणि मुख्य विषय कधी मधोमध ठेवू नये, एका बाजूच्या रेषेवर ठेवावा, हा छायाचित्रणातला जुना नियम त्यांनी आयुष्याला लावून घेतलाय. सोफ्यावर ते कडेला बसतात. मुलीच्या लग्नात त्यांनी जोडप्याला फ्रेमच्या डाव्या भागात उभं केलं. उरलेल्या दोन भागांत मांडवाचा खांब आला. व्याही अजून विचारतात, "हा खांब कुणाकडचा?"

आणि ब्लॅक-अँड-व्हाइट ताई. सोमवती अमावास्येला जेजुरीला भंडाऱ्याची एवढी उधळण होते, की गड, पायऱ्या, माणसं, सगळं पिवळंधमक होतं. ताईंनी तो सोहळा कृष्णधवल टिपला. "रंगाने लक्ष विचलित होतं," त्या म्हणाल्या. फोटो बघून त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, "सिमेंटची गाडी फुटली का गं कुठं?"

आमची पंढरी म्हणजे पुण्याची महात्मा फुले मंडई. १८८६ ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. ती बांधायचं चाललं होतं, तेव्हा नगरपालिकेत बसून जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या खजिनदारांनी ही हकिकत फार मनावर घेतलीय. वार्षिक प्रदर्शनाच्या खर्चाला ते दर वर्षी कडाडून विरोध करतात आणि मग आशेने आजूबाजूला बघतात.

मंडईत सकाळी उंच गाळ्यावर, बल्बच्या पिवळ्या उजेडात बसलेली मावशी दिसली, की आमचे बावीस कॅमेरे एकदम वर होतात. मीही पहिल्यांदा असाच पुढे सरसावलो.

"मावशी, फोटो काढू?"

"काढ की. कोथिंबीर किती देऊ?"

"नाही, फक्त फोटो हवाय."

"मावशी म्हणतोस आणि रिकाम्या हाताने जातोस?"

मी एक जुडी घेतली. माझ्या मागे एकवीस भाचे-भाच्या रांगेत होत्या. त्या दिवशी मावशींनी आठ वाजता गाळा आवरला. घरी बायकोने कॅमेऱ्याकडे ढुंकून न बघता जुडी उलटीसुलटी करून पाहिली. "अगदी ताजी आहे हो! पुढच्या रविवारी आलं-मिरची पण टिपून आणा." आता माझ्या सॅकमध्ये लेन्सच्या कप्प्याशेजारी कायमची एक कापडी पिशवी असते. ग्रुपमधले लोक तिला लेन्सचं आवरण समजतात.

तांबट आळीचा प्रसंग याहून जोखमीचा. कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांवर ठोके पाडून मठारकाम करणारे कारागीर बसतात. ठोका न् ठोका सारख्या अंतरावर, सारख्या जोराचा. आम्ही तिथल्या एका आजोबांना घेरलं. तिघे आडवे झोपले, एक शिडीवर चढला.

"तुम्ही आपलं सहज ठोका आजोबा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

"तुम्ही इथे नसाल तर लगेच समजेन," ते म्हणाले.

तरी बिचारे ठोकत राहिले. एकाचा शटर स्पीड चुकला. "आजोबा, तोच ठोका परत मारा ना." दुसऱ्याला हातोडी हवेत असताना हवी होती, तिसऱ्याला ती पत्र्यावर टेकताना, चौथ्याला आजोबांच्या कपाळावर घाम हवा होता. तासाभराने ते थांबले, भांडं वर धरून त्यांनी खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "घंगाळाची परात झाली." ती परात आम्ही वर्गणी काढून घेतली. ती आता ग्रुपची मालमत्ता आहे. ट्रायपॉडच्या पायाखाली चिखल असला की घालतो.

पावसाळ्यात आम्ही बाहेर कमी पडतो, कारण दमट हवेत लेन्सच्या काचेला बुरशी धरते. म्हणून मी झाकण घट्ट बसणारा एक मोठा डबा आणला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि आर्द्रता दाखवणारं इवलंसं घड्याळ बसवलं. आकडा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. महिनाभर सगळं छान चाललं. एका संध्याकाळी डबा उघडला, तर १.८ च्या शेजारी उडदाच्या पापडांची चळत.

"हे काय?"

"तुमच्या डब्यात फार कुरकुरीत राहतात हो," बायको म्हणाली. "वस्तू आणलीत, तिचा काही उपयोग नको?"

त्या वर्षी माझ्या लेन्सला बुरशी धरली नाही. तिखट मात्र लागलं.

माझी ग्रुपमधली खरी कीर्ती सुरू झाली ती भिगवणला. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं, की उजनीच्या धरणाचं पसरलेलं पाणी लागतं आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थव्याने उतरतात. पहाटे तीनला निघालो. थंडीत कुडकुडत होडीत बसलो. नावाड्याने बांबूने होडी ढकलत ढकलत पक्ष्यांपासून बेताच्या अंतरावर नेऊन उभी केली. सगळ्यांनी कॅमेरे डोळ्यांना लावले. मीही लावला. आत काळोख. बॅटरी घरी, चार्जरमध्ये होती. हिरवा दिवा लागला असेल तिथे आता.

हे कबूल कसं करणार? नवा सदस्य शेजारी बसला होता आणि त्याला मी येताना गाडीत 'तयारी' या विषयावर तासभर बोललो होतो. मग मी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून बसलो. मधूनमधून बटण दाबत होतो. तोंडाने हळूच 'टक्' असा आवाजही केला, पण नावाड्याने चमकून पाहिल्यावर तो बंद केला. थोड्या वेळाने हात भरून आले, म्हणून कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नाइलाजाने पक्षी बघू लागलो. ते डोकं पार उलटं करून, चोचीची वरची बाजू खाली घालून पाणी गाळत होते. काठीसारखे पाय जागच्या जागी थुडथुड नाचवत चिखल ढवळत होते. मग एकदम थवा उठला आणि इतका वेळ पांढरेफिके दिसणारे ते पक्षी पंखांखाली लालभडक निघाले, कडेला काळी किनार. होडीतून नुसता खडखडाट झाला. अध्यक्ष ओरडले, "कुठे गेले? कुठे गेले?" सहाशे मिलिमीटरमधून त्यांना एका पक्ष्याचा गुडघा दिसत होता आणि तो गुडघा उडून गेला होता.

"किती मिळाले?" परतताना नव्या सदस्याने विचारलं.

"बघू," मी म्हणालो. "मी फार काढत नाही."

हे अक्षरशः खरं होतं. रात्री ग्रुपवर फोटोंचा महापूर आला. एकाने एकाच पक्ष्याचे एकेचाळीस टाकले, त्यात डोळा उघडा असलेले तीन. प्रत्येक फोटोखाली तीच दाद: "क्या बात!", "पाण्यातली पडछाया सुरेख", "किंचित डावीकडून कापा". माझा एकही फोटो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "काका फार निवडक आहेत. मनासारखं झाल्याशिवाय दाखवतच नाहीत." आठवड्याभरात माझा 'संयम' हा चर्चेचा विषय झाला. महिन्याभरात मला वार्षिक प्रदर्शनाचा परीक्षक नेमलं. चार्जर अजून घरी जपून ठेवलाय. माझ्या कारकिर्दीत त्याचा वाटा मोठा आहे.

त्या वर्षीच्या प्रदर्शनाचा विषय निघाला, 'एकटेपणा'.

एकटेपणा टिपायला आम्ही बावीस जण सारसबागेत गेलो. एका बाकावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. मागून तिरका उजेड, समोर रिकामी पायवाट, अध्यक्षांच्या शब्दांत 'अगदी तयार फ्रेम'. आम्ही परवानगी काढली, नंबर लावले, प्रत्येकी तीन मिनिटं. जगातला पहिला टिकलेला फोटो १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निएप्स नावाच्या माणसाने आपल्या खिडकीतून काढला. त्याला काही तास उजेड घ्यावा लागला होता, असं सांगतात. एक-तृतीयांश काकांना नुसता बाक कडेला घ्यायलाच तेवढा वेळ लागत होता.

अडचण निराळीच झाली. आजोबांना इतकी माणसं बऱ्याच दिवसांत भेटली नव्हती. ते रंगात आले. कोण कुठले, कुणाचं माहेर कुठलं, अमक्या वाड्यात राहणारे तमके तुमचे कोण, अशी चौकशी सुरू झाली. दोघींची ओळख निघाली. एकाने डब्यातले लाडू काढले. आजोबा खळखळून हसायला लागले.

"आजोबा," अध्यक्ष काकुळतीला येऊन म्हणाले, "जरा एकटे व्हा ना!"

"आता कसा होऊ?" आजोबा म्हणाले. "तुम्ही बसा की, उभे का?"

शेवटी त्यांना पाठमोरं बसवलं, म्हणजे हसणं दिसणार नाही. खांदे तेवढे गदगदत होते. ते फोटोत रडल्यासारखे आले. ब्लॅक-अँड-व्हाइट ताई हरखल्या. पुढच्या रविवारी आम्ही उरलेल्यांचे नंबर घ्यायला गेलो, तर आजोबा पाच मित्रांना घेऊन बसले होते. "यांनाही एकटं काढा," म्हणाले.

त्याच दिवशी निघताना त्यांनी एक काम सांगितलं. "बँकेत केवायसी का काय ते करायचंय. पासपोर्ट फोटो लागतो. तुम्ही एवढे जण आहात, देता का काढून?"

बावीस कॅमेरे. सगळ्यांची किंमत खजिनदारांनी एकदा मांडली होती आणि मग ते कागद फाडून टाकले होते. एक पासपोर्ट फोटो म्हणजे हातचा मळ! ब्लॅक-अँड-व्हाइट ताईंनी काढला. बँकेला रंगीत लागतो. मी माझ्या १.८ ने काढला. उजवा डोळा इतका लख्ख, की पापण्या मोजून घ्याव्यात. नाक धुक्यात शिरलेलं, कान पुढच्या जिल्ह्यात. बँकेला दोन्ही कान हवे असतात. एक-तृतीयांश काकांच्या फोटोत एकच कान होता, बाकी सगळी सारसबाग. हिस्टोग्रामकाका आजोबांच्या टकलाकडे बघून "वर जळतंय" म्हणाले, तसे आजोबा दचकून टोपी घालायला लागले. आमच्यातल्या एकाने तीन वेगवेगळ्या उजेडातले फोटो एकत्र करून काढला, त्यात सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी आली. आजोबा ऐंशीचे होते, फोटोत पेशवाईतले वाटत होते. अध्यक्षांना ६०० मिलिमीटरमधून चेहरा मावेना, म्हणून ते मागे मागे सरकत गेले. ते दिसेनासे झाल्यावर आम्ही नाद सोडला.

आजोबा चौकातल्या स्टुडिओत गेले. स्टूल, मागे पांढरा पडदा, "हनुवटी खाली, हलू नका," झालं. दहा मिनिटांत आठ प्रती.

प्रदर्शन भरलं. खजिनदारांनी रीतसर विरोध केला, भोवताली पाहिलं, कुणी नाव दिलं नाही. दालनातली एक अख्खी भिंत 'एकटेपणा'ने भरली होती. बावीस मोठ्या चौकटी, प्रत्येकीत तोच बाक, तीच टोपी, तीच पाठ. उद्घाटनाला आजोबा मित्रांसह आले. एकेका फोटोसमोर थांबत ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परीक्षक म्हणून बिल्ला लावलेल्या माझ्याकडे वळले.

"यातला मी कुठला?"

"सगळे तुम्हीच आजोबा."

"बावीस वेळा पाठच? तोंडात काही वावगं आहे का माझ्या?"

मला उत्तर सुचेना. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "आठ दिले होते त्याने. बँकेने दोन घेतले. हा एक लावा इथे. नाहीतर लोकांना कळायचं कसं, एकटं कोण बसलंय ते?"

टाचणीने तो बोटभर फोटो आम्ही भिंतीच्या शेवटाला लावला. सपाट उजेड, मागे पांढरं, दोन्ही कान, आणि 'हलू नका' म्हटल्यावर दाबून धरलेलं थोडंसं हसू. संध्याकाळभर गंमत बघत होतो. लोक मोठ्या चौकटींपुढून हात मागे बांधून सावकाश जायचे, त्या चिमुकल्या फोटोपाशी आले की वाकायचे, नाक लावून बघायचे आणि "अच्छा, हे होय!" म्हणत पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात करायचे.

पहिलं बक्षीस त्यालाच द्यावं, असं माझ्या मनात आलं. तसं मी बोलूनही दाखवलं. समितीत शांतता पसरली. एक-तृतीयांश काका उठले, भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि परत येऊन सोफ्याच्या कडेला बसत म्हणाले,

"बाकी ठीक आहे. पण चेहरा अगदीच मधोमध आलाय."